वाट पाहणे : 'डार्क टॉवर' कादंबरीमाला आणि तिचे वाचक

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'वाट' हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. आपण वाटेने चालतो आणि आपण कोणाची तरी वाट पाहतो. जो यायचा आहे तो अजून दिसत नाही, म्हणून तो ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे डोळे लावून बसायचे, असा या दुसऱ्या प्रयोगाचा मूळ अर्थ असावा. चालणारा आणि वाट पाहणारा हे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असतात.

प्रस्तुत लेखात ज्या कादंबरीमालेचा विचार करायचा आहे तिच्यात एक नायक हजारो पृष्ठे चालतो आहे आणि त्याचे वाचक वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत आहेत. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांची 'द डार्क टॉवर' ही ती माला. तिचा पहिला खंड १९८२ मध्ये निघाला आणि सातवा २००४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत वाचकांनी काय केले, लेखकाने काय केले, आणि वाट पाहणाऱ्याचा लेखकावर नेमका कोणता हक्क पोहोचतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. हा प्रश्न मला केवळ साहित्यापुरता वाटत नाही. तो का, हे लेखाच्या अखेरीस सांगेन.

भयाद्भुत म्हणजे काय?

इंग्रजीत अशा वाङ्मयाला 'डार्क फँटसी' म्हणतात. मी सोयीसाठी 'भयाद्भुत' असा शब्द वापरते. भरतमुनींच्या आठ रसांपैकी अद्भुत आणि भयानक हे दोन रस येथे एकत्र नांदतात. पहिल्याचा स्थायी भाव विस्मय, दुसऱ्याचा भय. जादू, राक्षस, दुसरी जगे हे सारे असते; पण परीकथेत असणारी 'शेवटी सारे गोड होईल' ही हमी मात्र नसते.

ही हमी नसणे फार महत्त्वाचे आहे. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. तिसऱ्या अवस्थेत फळ मिळेल अशी आशा वाटते, चौथ्या अवस्थेत ते निश्चित होते आणि पाचव्या अवस्थेत ते हाती येते. संस्कृत नाटकाचा प्रेक्षक फलागमाविषयी निःशंक असतो. भयाद्भुत कादंबरी वाचकाला तिसऱ्या अवस्थेतच अडकवून ठेवते. आशा आहे, निश्चिती नाही. त्यातून ती कादंबरी खंडाखंडाने निघत असेल तर ही अवस्था पाच-सहा वर्षेसुद्धा टिकते. भरतांनी सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'औत्सुक्य' आहे. इष्ट व्यक्तीच्या वियोगातून आणि तिच्या आठवणीतून ते उपजते. पुढच्या खंडाची वाट पाहणाऱ्या वाचकाचे याहून नेमके वर्णन मला तरी सापडलेले नाही.

क्रमशः वाचण्याचा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत गेली. परंतु तेथे पुढच्या अंकाची वाट होती. येथे पुढच्या दशकाची होती.

एक कविता आणि एक विद्यार्थी

या मालेचे मूळ एका कवितेत आहे. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेन अँड विमेन' या संग्रहात 'चाइल्ड रोलंड टू द डार्क टॉवर केम' ही चौतीस कडव्यांची कविता आहे. शीर्षकाची ओळ शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' मधली. एक योद्धा एका उजाड, रोगट प्रदेशातून एका काळ्या बुरुजाच्या शोधात चालला आहे. त्याच्या आधी गेलेले सारे सोबती संपले आहेत. अखेरीस बुरूज समोर दिसतो, तो शिंग फुंकतो आणि कविता संपते. बुरुजात काय आहे, तो तेथवर कशासाठी आला, हे कवी सांगतच नाही.

मेन विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना किंग यांनी ही कविता वर्गात वाचली. आज मीही दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून ही गोष्ट मला विशेष जवळची वाटते. किंग दोन वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले. आईने धुलाईखान्यात, बेकरीत, मिळेल तेथे कष्ट करून दोन मुलगे एकटीने वाढवले. एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या पिढीत टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चे वेड होते. आपणही असे महाकाय काही लिहावे, असे तेव्हाच त्यांच्या मनाने घेतले. पुढे १९७० मध्ये शिक्षण संपत आले असता त्यांना रंगीत, जाड कागदाचे एक रीम मिळाले. त्यावर त्यांनी लिहायला घेतले. ब्राउनिंगचा योद्धा आणि काउबॉय चित्रपटांतला पिस्तूलधारी यांच्या मिश्रणातून त्यांचा रोलंड जन्मला. त्याचे जग मोडकळीला आले आहे. साऱ्या जगांचा आस असलेला काळा बुरूज गाठणे हा त्याचा ध्यास आहे.

या ध्यासाची किंमत पहिल्याच खंडात दिसते. जेक नावाचा एक मुलगा रोलंडच्या सोबतीला असतो. एका क्षणी मुलगा दरीच्या तोंडावर लटकलेला आणि बुरुजाची बातमी देणारा माणूस पुढे निघालेला, अशी वेळ येते. रोलंड मुलाला पडू देतो. ज्याच्या पाठोपाठ आपण एवढे आलो तो नायक असा आहे, हे कळल्यावर पुस्तक काही काळ मिटूनच ठेवावे लागते. शेवट गाठण्याची भूक माणसाला कोठवर नेते, हा या मालेचा खरा विषय आहे, असे माझे मत त्याच वेळी झाले.

बावीस वर्षांची वाट

'द गनस्लिंगर' हा पहिला खंड १९८२ मध्ये एका लहान प्रकाशकाने काढला. प्रती दहा हजार. किंग यांच्या बहुसंख्य वाचकांना त्याचा पत्ताही नव्हता. १९८३ मध्ये 'पेट सेमेटरी' निघाली. तीत लेखकाच्या इतर पुस्तकांच्या यादीत हे अनोळखी नाव दिसले आणि 'हे पुस्तक कोठे मिळेल?' अशी पत्रे सुरू झाली. म्हणजे या मालेची प्रतीक्षा सुरू झाली ती एका यादीतल्या एका ओळीने.

दुसरा खंड १९८७ मध्ये, तिसरा १९९१ मध्ये, चौथा १९९७ मध्ये. तिसरा खंड, 'द वेस्ट लँड्स', संपतो तेव्हा रोलंड आणि त्याचे सोबती एका वेड्या, बोलणाऱ्या आगगाडीत बसलेले आहेत. गाडी मृत्यूकडे भरधाव निघाली आहे. तिला सोडवता येणार नाही असे कोडे घातले तरच सुटका. कोड्यांची स्पर्धा सुरू होणार, आणि खंड समाप्त! पुढचे पान उलटायला वाचकांना सहा वर्षे थांबावे लागले.

या काळात आलेल्या दोन पत्रांची हकीकत किंग यांनी २००३ मध्ये पहिल्या खंडाच्या सुधारित आवृत्तीच्या प्रास्ताविकात दिली आहे. एक पत्र ब्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंचे. त्यांना कर्करोग झालेला होता आणि सुमारे वर्षभराचे आयुष्य उरले होते. कथेचा शेवट काय होतो तेवढे कळवा, मी कोणाला सांगणार नाही, अशी त्यांची विनंती होती. दुसरे पत्र फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे. तेही गुपित कबरीपर्यंत नेण्याचे वचन देत होते. शक्य असते तर दोघांनाही शेवट कळवला असता, पण तो मलाच ठाऊक नव्हता, असे किंग म्हणतात.

मित्रहो, ही दोन पत्रे वाचल्यावर वाट पाहणे या गोष्टीकडे गंमत म्हणून बघता येत नाही. आपण समजतो की पुस्तक कधीही वाचता येते. पण वाचकाचे आयुष्य मोजके असते, लेखकाचेही असते. चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजी वारले तेव्हा 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' च्या योजलेल्या बारा हप्त्यांपैकी सहाच हप्त्यांइतके लेखन झाले होते. ते रहस्य कायमचे रहस्य राहिले.

भुकेची दुसरी बाजू

औत्सुक्य हे नेहमी त्या आजीबाईंच्या पत्रासारखे मृदू नसते. मालेचा दुसरा खंड ज्या वर्षी निघाला त्याच १९८७ मध्ये किंग यांची 'मिझरी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत अपघातात सापडलेल्या एका लेखकाला त्याची निस्सीम चाहती आपल्या घरात कोंडून ठेवते. त्याने कथेत मारलेली नायिका पुन्हा जिवंत करावी, म्हणून ती त्याचा अमानुष छळ करते. तिचे त्याच्या पुस्तकांवर प्रेम आहे, यात शंका नाही. पण रोलंडला जसा बुरुजापुढे मुलगा दिसेनासा झाला, तसाच तिला कथेपुढे माणूस दिसेनासा झाला आहे.

हाच प्रश्न पुढे दुसऱ्या एका मालेच्या बाबतीत उघडपणे चर्चिला गेला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेचा पहिला खंड १९९६ मध्ये निघाला. तिसरा २००० मध्ये, चौथा २००५ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी सहावा आला नव्हता. दरम्यान त्यावरची दूरदर्शन मालिका २०११ मध्ये सुरू होऊन पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि २०१९ मध्ये आपला शेवट दाखवून मोकळीही झाली. लेखक अन्य कामे करतो, सहलीला जातो, याबद्दलही काही वाचक रागावत. पाचव्या खंडाची वाट पाहिली जात असताना, २००९ मध्ये, नील गेमन या लेखकाने अशा एका वाचकाला सडेतोड उत्तर दिले. त्याचा आशय असा : पहिले पुस्तक विकत घेतल्याने पुढची पुस्तके लिहून देण्याचा करार होत नाही, लेखक तुमचा नोकर नाही.

गेमन यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बिनतोड आहे. तरीही ते मला अपुरे वाटते. त्या आजीबाईंना हे उत्तर कोण देऊ शकेल? करार नव्हता हे खरे. पण कथा सांगणाऱ्याने 'ऐक' म्हटले आणि ऐकणारी बसून राहिली, यातून काहीच नाते जडत नाही काय? किंग यांच्या मालेत 'का' म्हणजे विधिलिखित आणि 'का-टेट' म्हणजे त्या विधिलिखिताने एकत्र बांधलेली माणसे. मला याला जवळचा शब्द सापडतो तो ऋणानुबंध. त्यात ऋण आहे. पण ते सावकारी वसुलीचे नव्हे.

लेखकच कथेत

१९ जून १९९९ रोजी रस्त्याने चालत असताना किंग यांना एका गाडीने धडक दिली. ते मरता मरता वाचले. त्या वेळी मालेचे चार खंड झाले होते. माला अपुरी राहण्याचा धोका आता कल्पनेतला उरला नव्हता.

बरे झाल्यावर त्यांनी उरलेले तीन खंड ओळीने लिहिले. पाचवा २००३ मध्ये, सहावा व सातवा २००४ मध्ये. सातवा तर त्यांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी. या खंडांत स्टीफन किंग हे स्वतः एक पात्र म्हणून येतात. हा अपघातही येतो. लेखक मेला तर कथा थांबेल आणि कथा थांबली तर जगे कोसळतील, म्हणून कथेतील माणसेच लेखकाला वाचवायला धावतात. काही समीक्षक याला आत्मप्रौढी म्हणतील. मला त्यात एक कबुली दिसते. बावीस वर्षे वाचक जी काळजी करत होते, ती लेखकाने कथानकात घेतली.

सात महिने

येथे माझा अनुभव थोडक्यात सांगते. या मालेचे पहिले तीन खंड मला तालुक्याच्या रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने मिळाले. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. एका पानाला सुरुवातीला दहा-बारा मिनिटे लागत, शब्दकोश उशाशी असे. तीन खंड वाचायला एक सबंध वर्ष गेले आणि मी त्या वेड्या आगगाडीपाशी येऊन थांबले. चौथा खंड आमच्या गावात कोठेच नव्हता. मैत्रिणीच्या मावसभावाने तो पुण्याहून आणून दिला, त्याला सात महिने लागले.

या सात महिन्यांत पुढे काय होते ते मला मोबाइलवर एका मिनिटात कळले असते. मैत्रिणींनी तसे सुचवलेही. मी पाहिले नाही. यात निग्रहाची बढाई नाही. घरात पाणी भरताना, एस.टी.त उभी असताना मी त्या गाडीला घालायची कोडी स्वतःच रचत होते. आजीकडून ऐकलेले उखाणे आठवून पाहत होते. यंत्राला कोणता उखाणा सुटणार नाही, याचा विचार करत होते. चौथा खंड हाती आला तेव्हा कळले की गाडी हरते ती विद्वत्तापूर्ण कोड्यांनी नव्हे, तर एडी नावाच्या पोराच्या फालतू, पोरकट विनोदांनी! मी खूप हसले. ते हसू मोबाइलवरच्या माहितीतून मिळाले नसते, कारण त्यामागे माझे सात महिने होते. माहिती आधी कळू शकते; पोहोचायचे मात्र चालूनच.

बुरुजात काय आहे?

ज्यांना ही माला वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. स्वतः किंग यांनीही सातव्या खंडाच्या अखेरीस कथा थांबवून वाचकांना असेच विनवले आहे : येथेच थांबा, शेवटाचा हट्ट धरू नका.

रोलंड बुरुजात शिरतो. मजल्यामजल्यावर त्याला त्याचेच गतायुष्य भेटते. सर्वांत वरच्या दारावर त्याचेच नाव आहे. दार उघडते आणि तो पुन्हा त्याच वाळवंटात फेकला जातो, जेथे पहिला खंड सुरू झाला होता. मालेचे शेवटचे वाक्य तिच्या पहिल्या वाक्यासारखेच आहे. फरक एवढाच की, तरुणपणी रणांगणावर गमावलेले शिंग या खेपेस त्याच्याजवळ आहे. ब्राउनिंगचा योद्धा जे फुंकतो तेच हे शिंग. बुरुजाच्या ध्यासात ते उचलण्याइतकेही तो पूर्वी थांबला नव्हता. या खेपेस तो कदाचित मुलाला पडू देणार नाही, एवढी आशा उरते. नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर फलागमाच्या दाराआड पुन्हा प्राप्त्याशाच आहे.

या शेवटावर अनेक वाचक संतापले. एवढी वर्षे थांबून हेच? मला मात्र तो न्याय्य वाटतो. ज्याने शेवटापायी माणसे गमावली त्याला शेवट मिळत नाही. वाट मात्र पुन्हा मिळते.

उपसंहार

आमच्या घरात दहावीपुढे शिकणारी मी पहिली. 'बी.ए. करून पुढे काय?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. शेवट महत्त्वाचा नसतो, प्रवास महत्त्वाचा, असे उत्तर मी किंग यांच्या आधाराने आईला देऊ शकेन काय? नाही. ती पहाटे पाचपासून उभी असते. माझ्या फीमध्ये तिचे कष्ट आहेत. तीही वाट पाहणारीच आहे, आणि वाट पाहणाऱ्याला तत्त्वज्ञान ऐकवून गप्प बसवणे हा कोरडेपणा आहे.

मग वाट पाहणाऱ्याचा हक्क कोणता? माझे उत्तर असे. त्याला शेवट ताबडतोब मागता येत नाही, कारण पुष्कळदा तो चालणाऱ्यालाच ठाऊक नसतो. पण दोन गोष्टींवर त्याचा हक्क आहे. चालणाऱ्याने चालत राहावे, आणि आपण कोठवर आलो ते खरे सांगावे. किंग यांना त्या आजीबाईंना एखादा शेवट बनवून कळवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. आणि अपघातातून उठल्यावर ही माला पुरी केली. मार्टिन यांनीही २०१६ च्या आरंभी वाचकांना स्वतः सांगितले की ठरल्या मुदतीत सहावा खंड पुरा झालेला नाही आणि तो केव्हा होईल हे सांगता येत नाही. वाचक हळहळले, पण त्यांना फसवले गेले नाही.

'पुढे काय, ते मला अजून ठाऊक नाही. पण येथवर आले आहे' हे वाक्य घरी उच्चारायला धैर्य लागते. परवा मी ते उच्चारले. आई म्हणाली, "मग दर महिन्याला सांगत जा, कुठवर आलीस ते." या हिशेबाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात द्यायचा आहे.